एका टर्मिनलमध्ये दोन गिऱ्हाइकं: डायरेन्व्ह शेलला कसं जोडायचं

रंगपंचमीच्या आदल्या रात्री साडेअकराच्या सुमारास मी एका नमकीनवाल्यांच्या खऱ्या बिलांमध्ये दोनशे खोटी बिलं घातली. मला ती घालायची होती साड्यांच्या एका दुकानाच्या चाचणीच्या डेटाबेसमध्ये. दोन्ही गिऱ्हाइकांकडे बिलिंगचा प्रोग्राम माझाच आहे. टेबलांची नावं तीच, रकाने तेच, त्यामुळे कुठे एररसुद्धा आला नाही. स्क्रिप्ट मुकाट्याने चालली, "२०० बिलं तयार" असं छापून थांबली, आणि मी समाधानाने दिवा मालवला. दुसऱ्या दिवशी इंदूरची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, असल्याने राजवाड्याकडचा बाजार बंद होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुनीमजींचा फोन आला, "बाईजी, ये दो सौ बिल किसके हैं?"

झालं होतं ते इतकंच: दुपारी नमकीनवाल्यांची एक तक्रार तपासताना त्यांच्या सर्व्हरचा पत्ता मी टर्मिनलमध्ये हाताने एक्सपोर्ट केला होता, म्हणजे शेलच्या (आपण टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) एका व्हेरिएबलमध्ये, नाव दिलेल्या कप्प्यात, ठेवला होता. रात्री त्याच खिडकीत सीडी करून साडीवाल्यांच्या फोल्डरमध्ये गेले. फोल्डर बदललं, पण शेलच्या डोक्यातला पत्ता दुपारचाच राहिला. खोटी बिलं शोधून काढण्यात माझी सकाळ गेली. आणि बिलांचे क्रमांक सलग असावे लागतात, त्या मालिकेत दोनशेचं भगदाड पडलं ते पडलंच. हिशेबाच्या वेळी त्याचा खुलासा मुनीमजींना करावा लागला, मला नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

त्या आठवड्यात मी डायरेन्व्ह बसवलं. फोल्डरमध्ये शिरलं की त्या कामाचे व्हेरिएबल शेलमध्ये येतात आणि बाहेर पडलं की निघून जातात, एवढंच काम ते करतं. बसवायला पाच मिनिटं लागतात. पण ते शेलला जोडणारी जी एक ओळ असते, ती न समजता चिकटवणारे मी खूप पाहिलेत, आणि पुढे काही अडलं की त्यांना कुठे बघावं तेच कळत नाही. म्हणून मी ती ओळ नीट उलगडून सांगणार आहे. इंदूरला लोकमान्यनगरमधल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून माझ्या भाचीला सांगितलं, तसंच. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि दर शनिवारी लॅपटॉप घेऊन येते.

आधी लिहिण्याच्या पद्धतीबद्दल. कमांड मी फोनवर सांगावी तशी, उच्चाराने लिहिते आहे. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत करायची, आणि मी वेगळं सांगितलं नाही तर सगळी अक्षरं लहान लिपीत, म्हणजे स्मॉल; मोठी लिपी म्हणजे कॅपिटल. डायरेन्व्हचं स्पेलिंग डी-आय-आर-ई-एन-व्ही. डॉट म्हणजे टिंब, टिल्ड म्हणजे ते नागमोडी चिन्ह. शेलमध्ये त्याचा अर्थ तुमचं होम फोल्डर.

जोडावं का लागतं

भाचीचा पहिलाच प्रश्न हा होता, "मावशी, प्रोग्राम इन्स्टॉल केला ना, मग तो स्वतःच का नाही करत?"

कारण त्याला ते करताच येत नाही. तुम्ही शेलमध्ये एखादी कमांड चालवता तेव्हा शेल एक नवी प्रोसेस जन्माला घालतं. त्या प्रोसेसला शेलच्या एन्व्हायर्नमेंटची, म्हणजे त्याच्या एक्सपोर्ट केलेल्या व्हेरिएबलांची, एक नक्कल मिळते. आईच्या वहीतली पुरणपोळीची कृती मुलीने स्वतःच्या वहीत उतरवून घ्यावी, तशी. मुलीने पुढे तिच्या वहीत गूळ कमी केला, जायफळ वाढवलं, तरी आईच्या वहीत अक्षरही बदलत नाही. डायरेन्व्ह ही मुलगी आहे. ती कितीही हुशार असली तरी आपल्या शेलचा, म्हणजे तिच्या आईचा, एकही व्हेरिएबल तिला परस्पर बदलता येणार नाही. युनिक्समध्ये हे मुळापासून असंच आहे आणि ते योग्यच आहे. नाहीतर कुठलाही प्रोग्राम आपल्या शेलमध्ये हवी ती ढवळाढवळ करून गेला असता.

मग उपाय एकच. आईनेच विचारायचं, "तू काय बदललंस ते मला लिहून दे," आणि मिळालेला कागद वाचून स्वतःच्या वहीत उतरवायचा. डायरेन्व्ह बदल मजकूर म्हणून छापतं, आणि शेल तो मजकूर ईव्हॅल नावाच्या कमांडने स्वतःच्या आत चालवतं. आईने हे कधी विचारायचं? दर वेळी प्रॉम्प्ट, म्हणजे पुढच्या कमांडची वाट पाहणारी ती खूण, दाखवण्याच्या आधी. "शेल इंटिग्रेशन" या भारदस्त नावामागे एवढीच व्यवस्था आहे.

आपलं शेल कोणतं

इको, मोकळी जागा, डॉलर, मग मोठ्या लिपीत शेल, असं टाइप केलं की उत्तर मिळतं. पण ते तुमच्या खात्याला नेमून दिलेलं शेल सांगतं. आत्ता या खिडकीत कोण बसलंय ते वेगळंही असू शकतं. त्यासाठी पीएस, मोकळी जागा, वजा-पी, मोकळी जागा, डॉलर डॉलर. शेवटच्या रकान्यात बॅश किंवा झेड-एस-एच (म्हणजे झेडशेल) दिसेल. फिश वापरणाऱ्यांना आपण फिश वापरतो हे माहीत असतंच, ते कुणी मुद्दाम निवडल्याशिवाय येत नाही.

बॅश १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी जीएनयू प्रकल्पासाठी लिहिलं, आणि उबुंटूवर आजही तेच समोर येतं. मॅकवर २०१९च्या कॅटालिनापासून नव्या खात्यांना झेडशेल मिळतं. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायच्या सोयीत) उबुंटू घेतलं असेल तर पुढचं सगळं उबुंटूसारखंच. मी स्वतः उबुंटू आणि बॅशवर आहे, म्हणून मुख्य वाट तीच धरते.

बसवणं

उबुंटूवर सुडो ॲप्ट इन्स्टॉल डायरेन्व्ह; सुडो म्हणजे व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालव. मॅकवर होमब्रू (प्रोग्राम बसवून देणारं साधन) असेल तर ब्रू इन्स्टॉल डायरेन्व्ह. मग डायरेन्व्ह व्हर्जन असं विचारायचं. आकडा आला की बसलं. इथे बरेच जण थांबतात, आणि मग "चालत नाही" म्हणतात. अजून ते शेलला जोडलेलं नाही.

ती ओळ

होम फोल्डरमध्ये डॉट बॅशआरसी नावाची फाइल असते. बॅशची नवी खिडकी उघडली की ती वाचली जाते. तिला हात लावण्याआधी तिची प्रत काढायची: सीपी, मोकळी जागा, टिल्ड स्लॅश डॉट बॅशआरसी, मोकळी जागा, टिल्ड स्लॅश डॉट बॅशआरसी डॉट जुनी, सगळं अर्थात इंग्रजी अक्षरांत. हे मी कळकळीने सांगते आहे, कारण पुष्कळ ठिकाणी ही ओळ इकोने आणि दोन "पेक्षा मोठे" चिन्हांनी फाइलच्या शेवटी जोडायला सांगतात. दोनऐवजी एकच चिन्ह पडलं, की आधीची सगळी फाइल पुसली जाते आणि तिथे फक्त ती ओळ उरते. भाचीचं हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. तिने प्रत काढली नव्हती. उबुंटूवर मूळ नमुना स्लॅश ईटीसी स्लॅश स्केल या फोल्डरमध्ये ठेवलेला असतो, तिथून डॉट बॅशआरसी परत आणता आली. पण तिने स्वतः घातलेले चार अलियास (कमांडना दिलेली आखूड नावं) गेले. म्हणून मी एडिटरमध्ये फाइल उघडून हातानेच ओळ लिहायला सांगते. नॅनो चालेल.

ओळ अशी: ईव्हॅल, मोकळी जागा, दुहेरी अवतरण, लगेच डॉलर, लगेच गोल कंस उघडा, डायरेन्व्ह, मोकळी जागा, हुक, मोकळी जागा, बॅश, गोल कंस बंद, दुहेरी अवतरण बंद.

ती आतून बाहेर वाचायची. कंसातली कमांड आधी चालते. डॉलर आणि कंस म्हणजे "ही चालव आणि तिने जे छापलं ते इथे ठेव". अवतरणं त्या मजकुराला जसाच्या तसा, नव्या ओळींसकट, एका गाठोड्यात धरून ठेवतात. आणि ईव्हॅल ते गाठोडं सोडून आतल्या ओळी आपल्याच शेलमध्ये चालवतं. अवतरणं गाळली तर नव्या ओळींच्या जागी मोकळ्या जागा येतात, सगळा मजकूर एका ओळीत दाटतो, आणि बॅशला कुठे काय संपलं ते कळत नाही.

पण फाइलमध्ये लिहिण्याआधी एक करा. फक्त डायरेन्व्ह हुक बॅश एवढंच टाइप करून एंटर दाबा. काहीही चालणार नाही, नुसता मजकूर पडद्यावर येईल. तो थोड्याच ओळींचा असतो. जे आपण रोज आपल्या शेलमध्ये घेणार आहोत ते एकदा तरी वाचून बघावं, असं मला मनापासून वाटतं. त्यात अंडरस्कोर डायरेन्व्ह अंडरस्कोर हुक नावाचं एक फंक्शन दिसेल. त्याच्या पहिल्याच ओळीत मागच्या कमांडचा निकाल, म्हणजे डॉलर प्रश्नचिन्ह, बाजूला काढून ठेवलेला असतो, आणि शेवटच्या ओळीत तो परत दिलेला असतो. हे मला फार आवडलं. मागची कमांड फसली की माझा प्रॉम्प्ट लाल होतो. मध्ये डायरेन्व्ह धावून गेलं तरी तो निकाल हरवत नाही, कारण लिहिणाऱ्याने त्याची आठवण ठेवली आहे. खाली एक अट दिसेल: प्रॉम्प्ट कमांड या व्हेरिएबलमध्ये हे फंक्शन आधीच नसेल तरच घाल. त्यामुळे चुकून ओळ दोनदा वाचली गेली तरी हुक दोनदा बसत नाही. प्रॉम्प्ट कमांड म्हणजे बॅश दर प्रॉम्प्टच्या आधी जे चालवतं ते. आईने कधी विचारायचं, त्याचं उत्तर हेच.

ओळ फाइलच्या अगदी शेवटी ठेवायची. गिटची (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाची) शाखा प्रॉम्प्टमध्ये दाखवणारी, प्रॉम्प्ट सजवणारी जी काही साधनं असतील, त्यांच्याही खाली. त्यांतल्या एखाद्याने प्रॉम्प्ट कमांडला नवी किंमत दिली तर वर लिहिलेला आपला हुक पुसला जातो, आणि कुठे एररही दिसत नाही.

झेडशेल असेल तर फाइल डॉट झेडएसएचआरसी, आणि ओळीत बॅशच्या जागी झेड-एस-एच. फिशमध्ये ईव्हॅल लागत नाही: डायरेन्व्ह हुक फिश, मग उभी रेघ, मग सोर्स. फिशची फाइल डॉट कॉन्फिग फोल्डरमधल्या फिश फोल्डरात कॉन्फिग डॉट फिश या नावाने असते.

आता नवी खिडकी उघडा. जुन्या खिडकीला नवी ओळ माहीत नसते. किंवा तिथेच एक्झेक बॅश केलं तरी चालतं. खात्रीसाठी टाइप, मोकळी जागा, अंडरस्कोर डायरेन्व्ह अंडरस्कोर हुक. "इज अ फंक्शन" असं उत्तर आलं की जोडणी झाली.

कामाच्या फोल्डरात

साडीवाल्यांच्या फोल्डरमध्ये मी डॉट एन्व्हआरसी नावाची फाइल केली. तिच्यात तीनच ओळी आहेत. पहिलीत एक्सपोर्ट, मोकळी जागा, मोठ्या लिपीत डेटाबेस अंडरस्कोर यूआरएल, बरोबरचं चिन्ह, आणि अवतरणात चाचणीच्या डेटाबेसचा पत्ता. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला मोकळी जागा सोडायची नाही. दुसरीत एक्सपोर्ट, मोठ्या लिपीत काम, बरोबर, साडी-चाचणी. तिसरीत पाथ अंडरस्कोर ॲड, मोकळी जागा, बिन. इथे पाथ मोठ्या लिपीत आणि ॲड लहान. त्यामुळे या प्रकल्पाच्या बिन फोल्डरमधल्या माझ्या छोट्या स्क्रिप्टा नुसत्या नावाने चालतात, आणि त्या फक्त इथेच. पायथॉनवाल्यांनी लेआउट, मोकळी जागा, पायथॉन३ अशी एक ओळ घातली तर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट आपोआप तयार होतं आणि आत शिरताच चालू होतं. ॲक्टिव्हेट करायचं लक्षात ठेवावं लागत नाही.

फाइल जपून ठेवली की लगेच लाल अक्षरांत तक्रार येईल, की ही फाइल अडवलेली आहे, डायरेन्व्ह अलाव करा. घाबरायचं नाही. ही व्यवस्था मुद्दाम आहे. एन्व्हआरसीमध्ये कुठलीही बॅश कमांड असू शकते. कुणाचा तरी प्रकल्प तुम्ही गिटवरून उतरवला, सीडी करून आत गेलात, आणि त्यात तुमच्या चाव्या बाहेर पाठवणारी ओळ असेल तर? म्हणून तुम्ही स्वतः हो म्हटल्याशिवाय ती वाचली जात नाही. आणि ही परवानगी त्या फाइलच्या जागेला आणि मजकुराला बांधलेली असते. एक अक्षर बदललं तरी पुन्हा विचारतं. दुसऱ्याची फाइल असेल तर आधी कॅटने वाचा, मग डायरेन्व्ह अलाव म्हणा. कंटाळून, न वाचता अलाव म्हणायची सवय लागली की या कुलपाचा उपयोग संपतो. स्वतःची फाइल बदलायची असेल तर डायरेन्व्ह एडिट, मोकळी जागा, डॉट असं म्हणा. एडिटर उघडतो आणि जपून बंद केलं की परवानगी आपोआप मिळते.

अलाव केल्यावर "लोडिंग" आणि त्याखाली अधिक चिन्हासह व्हेरिएबलांची नावं दिसतात. सीडी डॉट डॉट करून बाहेर या, "अनलोडिंग" दिसेल. आता इको करून डेटाबेसचा पत्ता विचारा. रिकामी ओळ आली पाहिजे.

मला पहिल्यांदा ती रिकामी आली नाही. बाहेर पडल्यावर नमकीनवाल्यांचा पत्ता परत आला! कारण त्या खिडकीत मी सवयीने तो आधीच हाताने एक्सपोर्ट केलेला होता. डायरेन्व्ह बाहेर पडताना आधीची किंमत जशी होती तशी परत ठेवतं. तो त्याचा प्रामाणिकपणा आहे. पण याचा अर्थ असा, की हाताने एक्सपोर्ट करायची सवय चालू ठेवली तर धोका तसाच राहतो. मी ती सवय सोडली. नमकीनवाल्यांच्या खऱ्या सर्व्हरचा पत्ता आता एका वेगळ्या फोल्डरातल्या एन्व्हआरसीत आहे, आणि त्या फोल्डरात दुसरं काहीही नाही. तिथे जायचं म्हणजे मुद्दाम जायचं.

पासवर्ड असलेली एन्व्हआरसी गिटमध्ये जाता कामा नये. मी गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) डॉट एन्व्हआरसी लिहून टाकते आणि तिच्या शेजारी नमुना म्हणून, खऱ्या किमती नसलेली, एक प्रत ठेवते. चार जणांच्या टीमने उलट करावं: एन्व्हआरसी गिटमध्ये ठेवावी, तिच्यात डॉटएन्व्ह अंडरस्कोर इफ अंडरस्कोर एक्झिस्ट्स अशी एक ओळ लिहावी, आणि गुप्त गोष्टी ज्याच्या-त्याच्या डॉट एन्व्ह फाइलमध्ये, गिटच्या बाहेर.

प्रॉम्प्टवर नाव

माझ्या दृष्टीने सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट ही, आणि ती डायरेन्व्ह आपणहून देत नाही. ते प्रॉम्प्ट बदलू शकत नाही, कारण प्रॉम्प्ट हा पीएस१ नावाचा व्हेरिएबल शेल स्वतःजवळ ठेवतं. पण वर मी काम नावाचा व्हेरिएबल का ठेवला, ते आता कळेल.

डॉट बॅशआरसीमध्ये, हुकच्या ओळीच्या वर, मी असं लिहिलं: मोठ्या लिपीत पीएस१, बरोबर, एकेरी अवतरण, डॉलर, मोठ्या लिपीत काम, एक मोकळी जागा, एकेरी अवतरण बंद, आणि मध्ये काहीही न सोडता दुहेरी अवतरणात डॉलर पीएस१, तेही मोठ्या लिपीत. पहिला भाग एकेरी अवतरणात असणं महत्त्वाचं. एकेरी अवतरणात शेल डॉलरला हात लावत नाही, म्हणून "डॉलर काम" ही अक्षरंच प्रॉम्प्टमध्ये साठवली जातात, आणि बॅश दर वेळी प्रॉम्प्ट दाखवताना त्याची त्या क्षणाची किंमत भरतं. तिथे दुहेरी अवतरण दिलं तर फाइल वाचताना जी किंमत असेल, म्हणजे रिकामी, तीच कायमची चिकटते. भाचीने दुहेरी दिलं होतं आणि अर्धा तास आम्ही दोघी शोधत होतो. दुसऱ्या भागात मात्र दुहेरीच हवं, कारण जुना प्रॉम्प्ट आत्ताच उतरवून घ्यायचा आहे. झेडशेलमध्ये याच्याआधी सेटऑप्ट प्रॉम्प्ट अंडरस्कोर सब्स्ट अशी ओळ लागते.

आता साडीवाल्यांच्या फोल्डरात शिरले की ओळीच्या सुरुवातीला साडी-चाचणी दिसतं. नमकीनच्या त्या एकट्या फोल्डरात शिरले की नमकीन-खरं. एंटर दाबण्याआधी नजर तिथेच जाते. शिवाय खोटी बिलं भरणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मी पहिलीच अट घातली आहे: काम या व्हेरिएबलच्या शेवटी "चाचणी" नसेल तर थांब.

अडतं कुठे

वाकडी अवतरणं. मेसेजमधून किंवा वर्ड प्रोसेसरमधून ओळ उचलली की सरळ अवतरणांची जागा गोल, वळलेली अवतरणं घेतात. डोळ्यांना फरक कळत नाही, शेलला कळतो. नवी खिडकी उघडताच सिंटॅक्स एरर आला तर पहिल्यांदा अवतरणं पुसून हाताने टाइप करा.

फाइल वाचलीच जात नाही. हे जरा नीट समजून घ्या, कारण यात दिवस जातात. बॅश लॉगिन शेल म्हणून सुरू झालं, उदाहरणार्थ एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर गेलात, की ते थेट डॉट बॅशआरसी वाचत नाही. ते डॉट बॅश अंडरस्कोर प्रोफाइल शोधतं; ती नसेल तर डॉट बॅश अंडरस्कोर लॉगिन; तीही नसेल तर डॉट प्रोफाइल. जी पहिली सापडेल तीच वाचतं, पुढच्या नाही. उबुंटूच्या डॉट प्रोफाइलमध्ये बॅशआरसी वाचायची सोय केलेली असते, म्हणून एरवी सगळं बिनबोभाट चालतं. मग एखाद्या साधनाचा इन्स्टॉलर येतो, डॉट बॅश प्रोफाइल नावाची नवी फाइल करून तिच्यात आपली एक ओळ लिहितो, आणि त्या क्षणापासून डॉट प्रोफाइल वाचली जायची बंद होते. हुक गेला, अलियास गेले, आणि आपण डायरेन्व्हला दोष देत बसतो. अशा वेळी त्या नव्या फाइलमध्ये सोर्स टिल्ड स्लॅश डॉट बॅशआरसी ही ओळ घातली की काम होतं. मॅकवर जे बॅश वापरतात त्यांनी तर हे करायलाच हवं. मॅकचं टर्मिनल दर खिडकी लॉगिन शेल म्हणूनच उघडतं.

क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारं साधन. रात्री दोनला चालणाऱ्या बॅकअपला प्रॉम्प्टच नसतो, त्यामुळे हुक चालत नाही. उबुंटूच्या बॅशआरसीत तर वरच लिहिलेलं असतं की समोर माणूस नसेल तर इथूनच परत फिर. तिथे डायरेन्व्ह एक्झेक, मोकळी जागा, फोल्डरचा पूर्ण पत्ता, मोकळी जागा, आणि मग कमांड असं लिहायचं. परवानगी मात्र क्रॉन ज्या खात्याने चालतो त्या खात्याची हवी.

एडिटर. आयकॉनवर क्लिक करून उघडलेल्या एडिटरला हे व्हेरिएबल कळत नाहीत. त्याच्या आतल्या टर्मिनलला कळतात, कारण तिथे शेल चालतं. सोपा उपाय, आधी टर्मिनलमध्ये फोल्डरात जा आणि तिथूनच एडिटर सुरू करा. सुडोचंही ध्यानात ठेवा. ते सहसा एन्व्हायर्नमेंट झाडून टाकतं, म्हणून सुडोच्या मागे चालवलेल्या कमांडला तुमचा पत्ता मिळणार नाही.

तीच युक्ती, दुसरी साधनं

एकदा ही ओळ वाचता आली की बाकीची साधनं सोपी जातात. पूर्वी गेलेल्या फोल्डरांची आठवण ठेवणारं झोऑक्साइड: हुक बॅशच्या जागी इनिट बॅश, बाकी ओळ तीच, मग झेड साडी एवढं म्हटलं की तिकडे नेतं. जुन्या कमांड शोधायला एफझेडएफ: कंसात एफझेडएफ आणि दोन वजा चिन्हं लावून बॅश. हा पर्याय ०.४८ आवृत्तीपासून आला, आणि उबुंटू २४.०४च्या ॲप्टमध्ये ०.४४ मिळते, म्हणून तिथे ही ओळ "अननोन ऑप्शन" म्हणून फसते. नवी आवृत्ती वेगळी उतरवून घ्यावी लागते. ती बसली की कंट्रोल-आर दाबून मागच्या महिन्यातली कमांड दोन अक्षरांत सापडते. मला तिच्याशिवाय आता करमत नाही.

मात्र अशी प्रत्येक ओळ दर नव्या खिडकीला चालते. खिडकी उघडायला जड वाटू लागली तर टाइम, बॅश, वजा-आय, वजा-सी, एक्झिट असं चालवून मोजा. मग एकेका ओळीच्या सुरुवातीला हॅश लावून पुन्हा मोजा. कोण वेळ खातंय ते पाच मिनिटांत सापडतं.

आणि डायरेन्व्ह नको झालं तर? एखाद्या फोल्डरची परवानगी काढायची असेल तर तिथे जाऊन डायरेन्व्ह डिनाय. पुसून टाकलेल्या फोल्डरांच्या जुन्या परवानग्या झाडायला डायरेन्व्ह प्रून. आणि सगळंच काढायचं असेल तर डॉट बॅशआरसीमधली ती एक ओळ पुसा, नवी खिडकी उघडा, आणि मग पॅकेज काढा. याच क्रमाने. पॅकेज आधी काढलंत आणि ओळ राहिली, तर दर खिडकीला "कमांड नॉट फाउंड" वाचावं लागेल.